रॉक संगीत, राज्यसत्ता आणि 'सनद ७७' : चेकोस्लोव्हाकियातील एका खटल्याचा इतिहास

प्रस्तावना

रॉक संगीताचा राजकारणावर व सामाजिक परिवर्तनावर कोणता परिणाम झाला, हा प्रश्न विचारला की उत्तरादाखल बहुधा गाण्यांचीच यादी पुढे केली जाते. व्हिएतनाम युद्धाच्या काळातील अमेरिकेतील युद्धविरोधी गीते, १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही वंशवादविरोधी चळवळ, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी १३ जुलै १९८५ रोजी लंडन व फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी झालेला 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम ही उदाहरणे सर्वपरिचित आहेत. या सर्व उदाहरणांच्या मुळाशी एक समान गृहीतक आहे. ते असे की, कलावंताला काहीतरी राजकीय सांगावयाचे असते, ते तो गीतातून सांगतो आणि श्रोता ते ऐकून बदलतो.

प्रस्तुत लेखात ज्या उदाहरणाचा विचार करावयाचा आहे, ते या गृहीतकात बसत नाही. चेकोस्लोव्हाकियातील 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' या वाद्यवृंदाला कोणताही राजकीय कार्यक्रम नव्हता. त्यांच्या गीतांत सरकारवर टीका जवळजवळ नव्हतीच. आपल्याला आपल्या पद्धतीने वाजवू द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. तरीही १९७६ मध्ये त्यांच्यावर भरलेल्या खटल्यातून 'सनद ७७' या मानवी हक्कांच्या चळवळीला चालना मिळाली, आणि त्या चळवळीतील एक नाटककार १९८९ च्या अखेरीस देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. गीतांत राजकारण नसताना हे घडले कसे? या प्रश्नाचे उत्तर गीतांच्या आशयात शोधण्यापेक्षा राज्यसत्तेच्या वर्तनात व न्यायालयाच्या व्हरांड्यात शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९६८ नंतरचा काळ

५ जानेवारी १९६८ रोजी अलेक्झांडर डुब्चेक हे चेकोस्लोव्हाक कम्युनिस्ट पक्षाचे प्रथम सचिव झाले. पुढील काही महिन्यांत वृत्तपत्रांवरील नियंत्रण सैल झाले आणि 'प्राग वसंत' या नावाने इतिहासात ओळखले जाणारे सुधारणापर्व अवतरले. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत संघासह वॉर्सा करारातील राष्ट्रांच्या फौजा देशात घुसल्या आणि ते पर्व संपुष्टात आले. जानेवारी १९६९ मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने प्रागच्या मध्यवर्ती चौकात आत्मदहन केले. एप्रिल १९६९ मध्ये डुब्चेक यांच्या जागी गुस्ताव हुसाक आले. त्यांच्या राजवटीने स्वतःच्या धोरणाला 'सामान्यीकरण' असे नाव दिले. पक्षातून लाखो सभासद दूर झाले किंवा केले गेले. प्राध्यापक, लेखक व पत्रकार यांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्यांच्यापैकी अनेकांना बॉयलर सांभाळणे, खिडक्या पुसणे, रात्रपाळीची राखण करणे अशी कामे पत्करावी लागली.

या राजवटीचे स्वरूप १९५० च्या दशकातील दहशतीहून भिन्न होते, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. सामान्य नागरिकाने निष्ठा मनापासून बाळगावी अशी सत्तेची अपेक्षा राहिली नव्हती. निष्ठेचा देखावा पुरेसा होता. मोबदल्यात नोकरी, सदनिका आणि आठवडाअखेर गावाबाहेरच्या छोट्या घरात जाण्याची सोय मिळत असे. या अलिखित कराराला ज्यांचा केवळ असण्यानेच छेद जात होता, त्यांत लांब केस राखणाऱ्या तरुणांचा समावेश होता.

परवाना आणि बिनपरवाना संगीत

'प्लास्टिक पीपल' ची स्थापना फौजा शिरल्यानंतर काही आठवड्यांतच, १९६८ च्या शरद ऋतूत झाली. संस्थापक मिलान ह्लावसा त्या वेळी अवघा सतरा वर्षांचा होता. समूहाचे नाव फ्रँक झापा या अमेरिकन संगीतकाराच्या १९६७ मधील एका गीतावरून घेतलेले होते, तर संगीतावर न्यूयॉर्कच्या 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या समूहाचा ठसा होता. स्थापनेचा काळ पाहून हा समूह आक्रमणाची प्रतिक्रिया म्हणून जन्मला असे लिहिण्याचा मोह होतो, आणि अनेकांनी तसे लिहिलेही आहे. परंतु सतरा वर्षांच्या मुलाला आवडत्या ध्वनिमुद्रिकांसारखे काही वाजवावेसे वाटणे, हे कारण अधिक साधे व अधिक विश्वसनीय आहे.

चेकोस्लोव्हाकियात जाहीर कार्यक्रम करून मानधन घेण्यासाठी शासकीय मान्यता लागत असे. १९७० मध्ये या समूहाची मान्यता गेली आणि तिच्याबरोबर शासकीय संस्थेकडून मिळालेली वाद्ये व साधनेही गेली. पूर्वी मोटारदुरुस्तीचे काम केलेल्या योसेफ यानीचेक या सदस्याने जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंचे भाग जोडून ध्वनिवर्धक तयार केले. समूहाचा कलादिग्दर्शक इव्हान यिरौस हा कलेतिहासाचा अभ्यासक व कलावंत संघाचा सदस्य होता. त्याने एक युक्ती काढली. अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकारावर व्याख्यान जाहीर करावयाचे, काही पारदर्शिका दाखवावयाच्या, आणि त्यानंतर 'उदाहरणादाखल' म्हणून समूहाने दीर्घकाळ वाजवावयाचे. व्याख्यानाला परवाना होता. तो संगीताला नव्हता, इतकेच! पुढे ही वाटही बंद झाली. मग लग्नसमारंभ, खेड्यातील खानावळींची दालने, मित्रांची घरे अशा ठिकाणी, निरोप तोंडोतोंडी पोहोचवून कार्यक्रम होऊ लागले.

आरंभी समूह इंग्रजीत गात असे. त्यासाठी इंग्रजी शिकवण्यास प्रागमध्ये आलेला पॉल विल्सन हा कॅनेडियन तरुण काही काळ गायक म्हणून समूहात होता. १९७२ मध्ये सॅक्सोफोनवादक व्राटिस्लाव ब्राबेनेत्स आला. चेक भाषेतच गावे असा त्याचा आग्रह होता. तेव्हापासून एगॉन बाँडी या टोपणनावाने लिहिणाऱ्या, प्रकाशनबंदी असलेल्या कवीच्या रचना समूहाने स्वरबद्ध केल्या. प्रस्तुत लेखकाच्या मते समूहाच्या इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे वळण होय. इंग्रजी गाणे परक्या देशातील फॅशन म्हणून दुर्लक्षिता येत होते. स्वभाषेतील, बोलीतील, प्रसंगी शिवराळ शब्द मात्र पोलिसांनाही कळत होते.

३० मार्च १९७४ रोजी चेस्के बुद्येयोवित्से या शहराजवळील रुडॉल्फोव येथे आयोजित कार्यक्रमासाठी शेकडो तरुण रेल्वेने आले. पोलिसांनी कार्यक्रम होऊ दिला नाही, जमलेल्यांना बेदम मारहाण केली आणि गाडीत भरून परत पाठवले. काहींवर खटले झाले, काही विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढण्यात आले. या घटनेची बातमी देशात कोठेही छापून आली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोस्तुपित्से या खेड्यात 'दुसऱ्या संस्कृती' चा पहिला महोत्सव झाला.

'दुसरी संस्कृती' ही संकल्पना यिरौसची. १९७५ मध्ये चेक संगीताच्या पुनरुज्जीवनाविषयी लिहिलेल्या व हस्तलिखित स्वरूपात फिरलेल्या एका लेखात त्याने तिची मांडणी केली. शासनमान्य संस्कृतीशी भांडत बसू नये, तिच्याकडे मान्यता, पैसा वा प्रसिद्धी मागू नये, तिच्याशिवाय जगावे, असा तिचा आशय होता. चेक मंडळी या वर्तुळासाठी 'अंडरग्राउंड' हा इंग्रजी शब्दच वापरीत. मराठीत त्याचे 'भूमिगत' असे भाषांतर केले की आपल्या डोळ्यांपुढे १९४२ चे सातारा व तेथील प्रतिसरकार उभे राहते. ही प्रतिमा येथे दिशाभूल करणारी आहे. बेचाळीसचा भूमिगत कार्यकर्ता सत्ता उलथून टाकण्यासाठी लपत होता. प्रागचा 'अंडरग्राउंड' तरुण लपत नव्हता आणि त्याला सत्ता उलथवायचीही नव्हती. त्याने सत्तेकडे पाठ फिरवली होती. आणि ज्या राजवटीला देखाव्यापुरता का होईना सर्वांचा सहभाग हवा असतो, तिला विरोधापेक्षाही ही पाठ सहन होत नाही.

अटक आणि खटला

२१ फेब्रुवारी १९७६ रोजी बोयानोवित्से येथे यिरौसच्या विवाहानिमित्त दुसरा महोत्सव झाला. त्यानंतर महिन्याभरातच, १७ मार्च रोजी, पोलिसांनी धरपकड सुरू केली. समूहाचे सदस्य व त्यांचे स्नेही मिळून सुमारे वीस जणांना अटक झाली. घरांच्या झडत्या झाल्या, ध्वनिफिती व हस्तलिखिते जप्त झाली. अधिकृत प्रसारमाध्यमांनी त्यांचे चित्र असभ्य, व्यसनी व समाजविघातक टोळी असे रंगविले.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. १ ऑगस्ट १९७५ रोजी चेकोस्लोव्हाकियाने हेलसिंकी येथील करारावर सही केली होती. नागरी व राजकीय हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय करार त्या देशात लागू झाला तो २३ मार्च १९७६ रोजी, म्हणजे या अटकांनंतर अवघ्या सहा दिवसांनी. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी कायद्यात आली तेव्हा वाद्यवृंद कोठडीत होता.

नाटककार वात्स्लाव हावेल यांची व यिरौसची भेट अटकेच्या थोडे आधी झाली होती. हावेल यांच्या नाटकांवर देशात बंदी होती, परंतु त्यांचे वर्तुळ लेखक-विचारवंतांचे होते. लांब केसांच्या या मंडळींविषयी त्यांनी ऐकले होते ते बहुतेक विपर्यस्तच. यिरौसने त्यांना टेपवर समूहाचे संगीत ऐकवले. पुढे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रदीर्घ मुलाखतीत हावेल यांनी त्या भेटीचे सविस्तर वर्णन केले आहे. त्या संगीतात आपल्याला अस्वस्थ करणारे व जगण्याच्या तळातून आलेले काहीतरी जाणवले, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे.

अटकेनंतर हावेल यांनी मित्रांना एकत्र केले. अडचण अशी होती की, आरोपींविषयी सहानुभूती निर्माण करणे सोपे नव्हते. राजकीय कैदी म्हटला की त्याच्या नावावर एखादे पत्रक, एखादी संघटना, निदान एखादे भाषण असते. येथे होती ती कर्कश वाद्ये आणि असभ्य शब्द. सुशिक्षित मध्यमवर्गीय वाचकाला ते संगीत आवडण्याची शक्यता फारच थोडी होती. तरीही ऑगस्ट १९७६ मध्ये जर्मन लेखक हाइनरिश ब्योल यांना उद्देशून एक खुले पत्र निघाले. त्यावर कवी यारोस्लाव सायफर्ट, तत्त्वज्ञ यान पाटोच्का व हावेल यांच्याही सह्या होत्या. सायफर्ट त्या वेळी पंचाहत्तरीच्या घरात होते; १९८४ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. पाटोच्का हे हुसर्ल यांचे शिष्य, वयाने सत्तरीकडे झुकलेले. एका नोबेलयोग्य कवीने व घटनाशास्त्राच्या अभ्यासकाने रॉक वाद्यवृंदाच्या बाजूने उभे राहावे, ही गोष्ट सत्ताधाऱ्यांनी निश्चितच अपेक्षिली नव्हती. विरोध वाढताच बहुतेक आरोपींना सोडून देण्यात आले. ह्लावसाही त्यांत होता.

प्लझेन येथे जुलैमध्ये तिघांवर एक खटला झाला होता. मुख्य खटला प्रागमध्ये २१ ते २३ सप्टेंबर १९७६ या काळात चालला. आरोपी चार होते : यिरौस, ब्राबेनेत्स, 'डीजी ३०७' या दुसऱ्या समूहाचा कवी-गायक पावेल झायीचेक, आणि धर्मोपदेशाचा परवाना काढून घेतलेला प्रोटेस्टंट पाद्री व गायक स्वातोप्लुक कारासेक. आरोप राजद्रोहाचा नव्हता. दंडसंहितेच्या २०२ व्या कलमाखाली, सार्वजनिक शांततेचा भंग करणारी गुंडगिरी असे त्याचे स्वरूप होते. साहजिकच न्यायालयात बराचसा काथ्याकूट चालला तो गीतांतील शिवराळ शब्दांचा. यिरौसला अठरा महिने, झायीचेकला बारा महिने आणि कारासेक व ब्राबेनेत्स यांना प्रत्येकी आठ महिने कारावासाची शिक्षा झाली.

हावेल यांनी या खटल्यावर 'खटला' या अर्थाच्याच शीर्षकाचा लेख त्याच वर्षी लिहिला. त्यातील न्यायालयाच्या व्हरांड्याचे चित्र इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे आहे. पक्षातून काढलेले १९६८ चे सुधारणावादी, कधीच कम्युनिस्ट नसलेले लेखक, श्रद्धाळू ख्रिस्ती आणि लांब केसांचे कामगार तरुण एकाच ठिकाणी उभे राहून निकालाची वाट पाहत होते. एरवी हे लोक एकमेकांशी बोलतही नसत. सुधारणावाद्यांविषयी इतरांच्या मनात अढी होती, कारण १९५० च्या दशकात त्यांच्यापैकी काही सत्तेच्या बाजूला होते. तरुणांना तर ही सगळीच मंडळी उपदेश करणारी वडीलधारी वाटत. त्यांना जोडणारा समान विचार नव्हता, समान आवडही नव्हती. सत्तेने मात्र त्यांना समान कारण दिले. सरकारने तरुणांवर राजकीय आरोप ठेवला असता, तर कदाचित ते राजकीय विरोधकांपुरतेच प्रकरण राहिले असते. गुंडगिरीचा आरोप ठेवून त्याने हे सिद्ध केले की, येथे कोणालाही, काहीही न करता, केवळ आपल्या मनाप्रमाणे जगल्याबद्दल तुरुंगात धाडता येते.

सनद ७७

त्या शरद ऋतूत या नव्या ओळखींचे रूपांतर नियमित बैठकांत झाले. ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय हक्ककरारांचा मजकूर शासकीय कायदेसंग्रहात क्रमांक १२० म्हणून छापला गेला. सरकारने स्वतः छापलेल्या कायद्याचे सरकारने पालन करावे, ही मागणी घेऊन १ जानेवारी १९७७ या तारखेचे निवेदन तयार झाले. पाटोच्का, माजी परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक आणि हावेल हे त्याचे तीन प्रवक्ते. आरंभीच्या सह्या सुमारे २४०. ६ जानेवारीला हे निवेदन संसदेकडे व सरकारकडे नेणारी मोटार पोलिसांनी रस्त्यातच अडवली. निवेदनात तरुण संगीतकारांवरील कारवाईचा उल्लेख उदाहरण म्हणून आला आहे.

पाटोच्का यांची पोलिसांनी वारंवार, तासन्‌तास चौकशी केली. १३ मार्च १९७७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्याआधी, २८ जानेवारीला, प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात मान्यवर कलावंतांना बोलावून सनदेच्या निषेधाच्या पत्रकावर त्यांच्या सह्या घेण्यात आल्या होत्या. फेब्रुवारीत लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रातील गायक-वादकांसाठी असाच स्वतंत्र मेळावा झाला आणि त्यात देशातील सर्वांत लाडका गायक कारेल गोट याने कलावंतांच्या वतीने भाषण केले. रॉक संगीत स्वभावतःच बंडखोर असते अशी एक भाबडी समजूत आहे. तिच्या चाहत्यांनी हा मेळावा विसरू नये. विजेची गिटार दोन्ही बाजूंना होती.

१९७८ मध्ये, पाटोच्कांच्या स्मृतीस अर्पण केलेल्या 'सामर्थ्यहीनांचे सामर्थ्य' या अर्थाच्या शीर्षकाच्या निबंधात, हावेल यांनी या अनुभवाला सैद्धांतिक रूप दिले. दुकानाच्या खिडकीत पक्षाची घोषणा लावणाऱ्या भाजीविक्रेत्याचे त्यातील उदाहरण जगभर गाजले. त्या मानाने, सनदेची पार्श्वभूमी सांगताना त्यांनी याच खटल्याकडे बोट दाखवले आहे, ही गोष्ट कमी लक्षात घेतली जाते. त्याच वर्षी समूहाने ख्रिस्ताच्या बलिदानावर आधारलेली आपली रचना हावेल यांच्या ह्रादेचेक येथील घराच्या कोठारात सादर केली व ध्वनिमुद्रित केली.

किंमत आणि मर्यादा

या कथेचा शेवट १९८९ मध्ये ठाऊक असल्यामुळे मधली बारा वर्षे आपण भराभर ओलांडतो. प्रत्यक्षात ती फार लांब होती. कॅनेडियन विल्सनला १९७७ मध्ये देशातून हाकलण्यात आले. कारासेक व झायीचेक १९८० मध्ये, ब्राबेनेत्स १९८२ मध्ये देश सोडून गेले. सनदेवर सही करणाऱ्यांना परदेशी ढकलणे हे गुप्त पोलिसांचे ठरीव धोरण होते. १९८१ मध्ये ज्या घरात समूहाने आपली नवी रचना सादर केली, ते घर नंतर जळाले. यिरौसने आयुष्याची एकूण सुमारे साडेआठ वर्षे तुरुंगात काढली. हावेल १९७९ ते १९८३ कारागृहात होते. सनदेवर १९८९ पर्यंत सुमारे १९०० सह्या झाल्या. दीड कोटी लोकसंख्येच्या देशात ही संख्या अल्पच म्हणावी लागेल.

म्हणून 'रॉकने साम्यवाद पाडला' हे विधान स्वीकारता येत नाही. सोव्हिएत धोरणातील बदल, पोलंड व पूर्व जर्मनीतील घडामोडी आणि १७ नोव्हेंबर १९८९ रोजी विद्यार्थ्यांच्या मोर्चावर झालेला लाठीहल्ला ही तात्कालिक कारणे अधिक बलवत्तर होती. त्या दिवसांत चौकातील गच्चीवरून जनसमुदायापुढे गायली ती मार्ता कुबिशोवा, आणि ती रॉक गायिका नव्हे, तर १९७० पासून बंदी असलेली लोकप्रिय गायिका होती. 'प्लास्टिक पीपल' चे संगीत त्या गर्दीतील बहुसंख्यांनी कधी ऐकलेही नसावे. जे सांगता येते ते इतकेच की, सत्ता कोसळली तेव्हा तिच्या जागी बोलणी करण्यास परस्परांवर विश्वास असलेली काही माणसे तयार होती, आणि त्या विश्वासाचा एक आरंभबिंदू १९७६ च्या व्हरांड्यात होता.

समूहाबाबत एक गोष्ट नोंदवावयाची राहिली. १९८८ मध्ये नियंत्रणे सैल होऊन जाहीर कार्यक्रमाची शक्यता निर्माण झाली, तेव्हा ती कोणत्या अटींवर स्वीकारावी यावरून सदस्यांत मतभेद झाले आणि समूह फुटला. बारा वर्षांच्या छळाने जे साधले नव्हते, ते परवान्याच्या नुसत्या चाहुलीने साधले. ह्लावसा व काही सहकाऱ्यांनी 'मध्यरात्र' या अर्थाचे नाव घेऊन वेगळा समूह काढला. नोव्हेंबर १९८९ मध्ये 'प्लास्टिक पीपल' या नावाचा वाद्यवृंद अस्तित्वातच नव्हता. तो पुन्हा एकत्र आला १९९७ मध्ये, सनदेच्या विसाव्या वर्धापनदिनी, राष्ट्राध्यक्ष हावेल यांच्या सूचनेवरून. ब्राबेनेत्सही पुन्हा त्यांच्यासोबत वाजवू लागला. कार्यक्रम प्रागच्या किल्ल्यात, राष्ट्राध्यक्षांच्या अधिकृत निवासस्थानी झाला. चार वर्षांनी, जानेवारी २००१ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ह्लावसा वारला.